चहाला नावं ठेवणारा आवाज

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझ्याशी बोलायला बसले, ती किळस आली म्हणून. तुझी नव्हे गं, तुझ्या नातवाची. तोच, ज्याला मांडीवर घेऊन तू "माझा सायब हुणार" म्हणायचीस. झाला की! चाकणला कंपनीत मोठमोठ्या मशिनी चालवतो. घरातला कॉम्प्युटर रखडतोय म्हणून त्यानं नवी डिस्क आणली. जुनीतलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवायचं, एवढंच काम. तर या शहाण्यानं उलटं केलं, कोरी डिस्क भरलेलीवर उतरवली. रिकाम्या हंड्यानं भरलेला हंडा रिकामा करायचा म्हणजे डोकं लागतं, आये, आपल्यासारख्या अंगठेवाल्यांना जमायचं नाही ते. निम्म्यात ध्यानात आलं तेव्हा वायर उपटली आणि माझ्याकडं असा बघत बसला, जणू दूध मीच उतू घालवलं.

त्या डिस्कमध्ये तू होतीस. चऱ्होलीच्या घरी, चुलीपाशी, त्यानं त्याच्या पहिल्या मोबाइलवर चोरून घेतलेला तुझा आवाज. मी केलेला चहा तू तोंडाला लावतेस आणि म्हणतेस, "शी! ह्यो चहा हाय का भांड्याचं पाणी?" बस, तेवढंच. तुझा दुसरा आवाज कुठं उरला नाही. ते घरही नाही, तिथं आता गाड्या लावतात.

गेलेलं परत काढून देणारं एक दुकान तळवड्याला आहे, तिथं मीही हट्टानं गेले. दुकानदाराच्या तोंडात गुटखा, आणि ज्या बोटांनी ओठ पुसले त्याच बोटांनी त्यानं तुला उचललं. म्हणाला, "आजी, फायली निघतील, पण नावं गेली. उघडल्याबिगर काय कळणार न्हाई." मी म्हणाले, "मला नावं कुठं वाचता येत्यात, भाऊ? तू काढ."

काल सगळे घरात बसून एकेक उघडत होतो. काय निघालं म्हणतेस? सुप्रभातांचे ढीग, गुलाबांवर गुलाब, सुनेच्या बहिणीच्या लग्नातली उष्टी ताटं. घाण तेवढी धडधाकट वाचली होती, ओकारी यावी अशी. माणूस जातं आणि गुलाब राहतात, हे कसलं यंत्र! आणि मग एकदम, "शी! ह्यो चहा हाय का..." आणि तुटलं.

सून पटकन म्हणाली, "अहो आई, हा तर तुमचाच आवाज! रोज सकाळी ऐकते की मी." सगळे हसले. मुलगा तेवढा हसला नाही. मान वर न करता त्यानं विचारलं, "आई, आजीच आहे ना?" मी म्हणाले, "व्हय रं, माझी आय हाय ती. तुझ्या बायकोला काय कळतंय!" तेव्हा कुठं त्याचे खांदे खाली आले.

नात हे सगळं मोबाइलवर लिहून घेतेय. विचारते, "पणजीला पाठवायचं कुठं, आजी?" कुठं पाठवणार, राहू दे तिथंच. फक्त एक सांगते, आये. कालपासून ते किती वेळा लावायला लावलं मी, पण तू आहेस का मी, मला ओळखू येत नाही. आज सकाळी सुनेच्या चहाला मी काही बोलले नाही. घाण होता, तरी.