सव्वीस बोंडं

२० जून, शुक्रवार

माझ्या कोकरा सेवजान,

तुझे दोन्ही डोळे चुंबते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना विचारतंय कोण! तिसरीपर्यंतच शिकलेय, अक्षराला हसू नकोस.

अगं, काय सांगू! पन्नासाहून जास्त वर्षांनी आपल्या शेतात खसखस उभी आहे, आणि परवाना माझ्या नातीच्या नावावर! तो कागद पिठाच्या डब्यामागे ठेवलाय, दिवसातून तीनदा काढून बघते. फुलं होती तेव्हा शेजारची एमेती रोज कुंपणावरून, "दोन्दू अक्का, स्वतःच्याच शेताला नजर लावशील!" मी म्हटलं, "तू जा, तुझं बीट उपट."

तू कायमची येणार म्हणून वरची खोली चुन्यानं रंगवली. दोनदा. पहिल्यांदा वाईट झाली होती असं नाही, बसवत नव्हतं.

तुला ठाऊक आहे, एकाहत्तर साली सरकारनं अफूपायी खसखस बंद केली. गाव तिच्यावरच जगायचं. तेल तिचं, रोटीतलं वाटण तिचं, चुलीत काड्या तिच्याच. तुझे आजोबा जर्मनीला कारखान्यात गेले, निम्मं गाव गेलं. तीन वर्षांनी परवानगी आली ती अट घालून, की अफूच्या चिकासाठी बोंडाला चीर पाडायची नाही, अख्खं वाळवून द्यायचं. तोवर आपल्या घरी राबायला मी एकटी. मग गहूच पेरत राहिले.

बुधवारी फोनवर सांगणारच होते. पण तू "आजी, मी राजीनामा दिला!" असं ओरडलीस आणि माझ्या तोंडून "कोंबडीनं अंडं घातलं" एवढंच निघालं.

तर ऐक. मंगळवारी सकाळी शेतात भाजी खुडायला गेले. हातात सुरी होती. एक बोंड सहज धरलं. लक्ष नव्हतं गं माझं. मनानं मी सोळा वर्षांची होते, शेजारच्या ओळीत आई होती, आणि अंगाला चीक लागू नये म्हणून आम्ही दोघी मागे मागे चालत होतो. टाच बांधाला लागली तेव्हा शुद्धीवर आले. समोर सव्वीस बोंडं, प्रत्येकाच्या पोटावर चीर, पांढरा चीक गळतोय.

सोमवारी तपासणीला साहेब येणार. चीर दिसली की परवाना जातो, आणि नाव तुझं.

एमेती म्हणाली, "उपट आणि घाल चुलीत, कोण मोजतंय?" मी चार उपटलीसुद्धा. मग हातच चालेना. तेव्हापासून घरात-शेतात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

मी साहेबांना स्वतः त्या ओळीपाशी नेणार. बोटांवर चीक वाळून पडलेले काळे डाग साबणानं जात नाहीत, तेच दाखवीन. म्हणेन, हे हात माझे, पोरीचे नव्हेत. ऐकतील की नाही, कोण जाणे.

राजीनामा सोमवारपर्यंत मागे घेता येतो म्हणालीस, म्हणून पत्र आजच मिनीबसवाल्याकडे देतेय. घ्यावासा वाटला तर घे, मी रागावणार नाही. तू यावंस असं इतकं वाटतंय की हे पत्र दोनदा फाडलं, हे तिसरं.

चुना वाळलाय. खिडकी उघडीच ठेवलीय.

डाग न गेलेल्या हातांची,
तुझी दोन्दू आजी