विहिरीवरचा सहा

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

बाण पुसले! सगळे नाहीत — नदीकाठचे शाबूत, टेकडीवरचेही शाबूत. मधल्या शेतातलेच तेवढे गायब. अंधारात उठून, वाकून वाकून चुन्याची फक्की टाकली होती मी. कंबर अजून दुखतेय. आकाश म्हणतो, "क्रिकेटवाल्यांकडून फुकट आणलेली ना? मग रडतेस कशाला." नवऱ्याने पळण्याबद्दल बोलू नये. आमच्या बेलवलीच्या गटात तो एकदाच आला होता आणि नदीपर्यंत पोचून रिक्षाने परतला.

तेवीस तारखेला, रविवारी धाव आहे. दहा किलोमीटर. बेलवलीतून नदीकाठ, पूल ओलांडून पलीकडची शेतं, टेकडीला वळसा आणि परत. हा मार्ग मी आखलाय. मी. हे कुणाला सांगत नाही, पण लोकांना कळावं असं वाटतं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पुन्हा टाकले बाण. शिवाय झाडांना लाल फिती बांधल्या. शेताच्या कडेला विहीर आहे, तिच्या कठड्यावर लाल ऑइलपेंटने ठसठशीत ६ काढला. सहावा किलोमीटर. पुसा म्हणावं आता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

फिती तोडल्यात. वाटेवर काटेरी झुडपं आडवी टाकलीत. बांधावर एक बाई उभी होती, हातात कोयता. काही कापत नव्हती, नुसती उभी. मी "नमस्कार मावशी" म्हटलं. ती एक पाऊल पुढे आली. मी वळले आणि जी सुटले ती पुलावर येऊन थांबले. इतकी जोरात मी आयुष्यात पळाले नसेन.

घरी सांगितलं नाही. सांगितलं तर आकाश पळणंच बंद करायला सांगेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

मार्ग बदलावा का? करिष्माला फोन केला. उल्हासनगरात तिचा कपडे छापायचा कारखाना आहे, धावेचे टी-शर्ट तीच करतेय. "संध्या, पाठीवर पूरा नक्शा छापलाय मी. सारा माल रेडी आहे. आता रूट बदललास ना, तर लोक एकमेकांची पाठ बघून चुकतील." ती हसली. मला कोयता दिसत होता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

हाफ डे टाकून दिवसाउजेडी गेले. सलवार-कमीज, ओढणी, हातात केळी. कोयतेवाल्या बाईंचं नाव विठामावशी. शेत त्यांचं, विहीरही त्यांचीच. त्यांचे यजमान कोंडाजी ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, हात जोडले. वडिलांच्या वयाचा माणूस. मला कसंतरीच झालं.

"बाय, तुमी कंच्या खात्याच्या?"

कुठल्याच नाही, म्हटलं. आम्ही पळतो.

"पलता? कोनाच्या भीतीनं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मोठ्या रस्त्याच्या वेळी असंच झालं होतं म्हणे. पहाटेच माणसं आली. चुना टाकला, झाडांना फिती बांधल्या, कोंडाजींच्या धाकट्या भावाच्या विहिरीवर लाल आकडा घातला. त्याची जमीन रस्त्यात गेली. मोबदल्यासाठी तो अजून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतोय. म्हणून आमचे बाण दिसले की मावशी फांदीने झाडून टाकायच्या. पण ऑइलपेंट काही निघेना. विहिरीवरचा आकडा बघितला आणि म्हातारे खचले. दोन दिवस जेवले नाहीत.

मुलगा कैलास कधीपासून मागे लागलाय, जमीन बिल्डरला देऊन टाकू. आजवर कोंडाजी नाहीच म्हणत होते. सहा बघून हो म्हणाले. सोमवारी सही आहे.

आणि हे सगळं माझ्या सहामुळे! मी तिथेच सांगून टाकलं — आकडा माझा आहे, किलोमीटरचा आहे. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चुना टाकनारी मानसां गोडच बोलतान."

केळी परत दिली त्यांनी.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अंबरनाथला आमच्या कंपनीच्या गेटवर कैलास उभा. सुटण्याच्या वेळी, गर्दीत. मला ओळखत नव्हता, तरी बरोबर माझ्याकडेच आला. मी कैलास, म्हणाला; कंपनीचं नाव मावशींना मीच सांगितलं होतं.

"ताई, बाबा कसेबसे तयार झालेत. तुम्ही मधे पडू नका."

मी म्हटलं, माझी खूण दाखवून बापाला घाबरवतोस?

"खूण तुमची असेल. पण सरकारी मोजणी येणार आहे. पक्की खबर आहे."

कुणी दिली खबर? तर म्हणे, "आहे एक माणूस." हे असंच असतं. खबर पक्की आणि माणूस एक. "एकदा मोजणी झाली ना ताई, मग बिल्डर ढुंकून नाय बघणार. काका बघितलाय मी. तुमचं काय, येणार, पळणार, फोटो काढणार, जाणार."

हे लागलं मला. खरं सांगायचं तर फारच लागलं. मग राग आला, आणि राग आला की मला बरं वाटतं, विचार करावा लागत नाही. "बापाला विकायला काढलंस," असं म्हणाले त्याला. गेटवरचा वॉचमनसुद्धा बघायला लागला. कैलास निघून गेला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

थिनर, तारेचा ब्रश आणि करिष्माकडून आणलेला एक टी-शर्ट घेऊन गेले. आधी बसून सहा घासून काढला. नखं लाल झाली. मावशी बघत होत्या. शेवटी त्यांनीच पाणी ओतलं.

मग टी-शर्ट ओट्यावर पसरला. कोंडाजींना वाचता येत नाही, पण नदीचं वळण त्यांनी लगेच ओळखलं. बोट फिरवत फिरवत पुलावरून शेतात आले. "ही आमची इहीर?" हो म्हटलं. तर केवढे खूश झाले! मावशींना बोलावून दाखवलं.

"मंग मोजनी नाय?"

नाही, म्हटलं. माझ्या लेकीची शपथ घेतली. धावेच्या आधी आमची पोरं पुन्हा खुणा करायला येतील, घाबरू नका, शेतात काही दिसलं तर आमचंच समजा — असंही सांगितलं. कोंडाजींनी टी-शर्टची नीट घडी घातली. मग म्हणाले, नाय देत.

येताना मी पुलावर थांबून चक्क रडले. बरं वाटलं म्हणून.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सही झाली नाही! मावशींचा फोन आला. बिल्डरचा माणूस गाडी घेऊन आलेला, चहा पिऊन परत गेला. कैलास ताटावरून उठला आणि सासुरवाडीला निघून गेला. ऑफिसात सगळ्यांना जिलबी दिली. कशाची विचारलं तर सांगितलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कैलासचा मेसेज. "बिल्डरने फोन उचलणं बंद केलं. का ते तुम्हीच शोधा." उत्तर दिलं नाही. चिडलाय, दुसरं काय. होईल शांत.

पण झोप लागत नाहीये.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दिवसभर टी-शर्ट वाटले. तिकडे जायला जमलंच नाही. खुणा करायला पोरं आज संध्याकाळी गेली. उद्या मावशी सगळ्यांना ताक देणार आहेत.

रविवार, २३ नोव्हेंबर

सगळ्यांच्या पुढे मीच होते. शेतात शिरले आणि पाय थांबले. बांधापासून विहिरीपर्यंत नव्या खुंट्या, लाल डोक्याच्या. आमच्या पोरांनी फक्त फक्की टाकलीय. आमचे आकडे दहाला संपतात. पहिल्या खुंटीवर २१४ होतं.

कोंडाजी धुतलेला सदरा घालून विहिरीजवळ उभे. मला बघून हसले. म्हणाले, "बाय, तुमची मानसां परवाच येऊन गेली. तुमी सांगलेलां, म्हनून मी काय इचारलां नाय. दोन खुंट्या त मीच ठोकून दिल्या."