फणसाच्या लाकडाची मूठ

प्रिय त्यागू,

त्या सकाळी मी विहिरीवरची तिसरी घागर आणून ठेवली, भिजलेले तांदूळ उपसले, अंगणात चिंच वाळत घातली आणि मग विशालाक्षीजवळ येऊन बसले. ती शेवग्याची पानं खुडत होती. पाचवा महिना लागल्यावर तुझी बहीण दोन दिवसांसाठी माहेरी आली होती, तेव्हाचं सांगते आहे. डहाळी उचलायला तिनं हात वर केला आणि मला दिसलं, हातांत एकही काकण नव्हतं. दोन्ही मनगटांना नुसता पिवळा दोरा गुंडाळलेला. विचारलं तर म्हणाली, न्हाणीत पाय घसरला, फुटली सगळी. मी म्हटलं, दोन्ही हातांतली? ती म्हणाली, हो, दोन्ही. तेवढ्यात दोरा सरकला. खाली काथ्याच्या दोराचे वळ होते, मनगटाला वळसा घालून गेलेले. न्हाणीत पडून तसे वळ उठत नाहीत, त्यागू. डहाळीवरची पानं संपली तेव्हा तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

सांबशिव चारचौघांत किती मऊ बोलतो ते तू पाहिलं आहेस. घरात त्याचा राग चढला की तो तिचे हात मागे नेतो, गोठ्यातल्या खांबाला गाईच्या दोरानं बांधतो आणि दार लावून निघून जातो. कधी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून, कधी तिनं मला पत्र लिहिलं म्हणून. अक्षरं मीच तिला शिकवली, तुझ्या वडिलांच्या रद्दी कागदांवरून आधी स्वतः शिकून. सासू पाहते आणि म्हणते, "त्याचा राग उतू गेला की आपोआप बसतो, तू मध्ये फुंकर घालू नकोस." संध्याकाळी दोर सुटतो. मी हे तुला तेव्हाच कळवलं. तुझं उत्तर आलं की सासरी थोडं सोसावं लागतं, मूल झालं की त्याचं मन वळेल. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. रागानं नाही. मद्रासच्या कचेरीत बसून तुला तरी काय दिसणार? पण मला ते वळ दिसले होते. ती परत गेली, आणि मी ठरवलं, हिला दोर कापायला काहीतरी द्यायचं.

आपल्यात पोटुशी बाई दृष्ट लागू नये म्हणून लोखंडाशिवाय राहत नाही. कुणी कनवटीला अडकित्ता लावते, कुणी खिळा. तेव्हा लहानसा चाकू दिला तर कुणी विचारणार नाही, असं मला वाटलं. म्हणून तुझ्याकडे लेखणी तासायचा मिटता चाकू मागितला. तू पाठवलास आणि थट्टाही केलीस, "आई, म्हातारपणी कारकुनी धरतेस की काय?" चाकू देखणा होता, दोन पात्यांचा. पण पातं उघडायला त्या बारीक खाचेत नख घालावं लागे. हात मागे बांधलेले, बोटं बधिर झालेली, नख कुठलं लागणार? मग तुझ्या वडिलांची ताडपत्रावर लिहायची मिटती लेखणी काढली. तिच्या एका टोकाला चाकू असतो, तुला आठवत असेल. ती पितळेची, जड. कनवटीला लावली तर लुगडं खाली ओढतं आणि सासूच्या नजरेला पडतं.

शेवटी मी लोहारकाम करणाऱ्या आसारीला मागच्या दारी बोलावलं. त्यानं पहिल्यांदा काढून दिला तो न्हाव्याचा वस्तरा. "अम्मा, याहून हलकं पोलाद अख्ख्या तंजावरात मिळालं तर माझी भट्टी विझवीन." हलका होता खरा. पण तुझे वडील गेल्यापासून दर पंधरवड्याला तसाच वस्तरा माझ्या डोक्यावरून फिरतो. तो मी पोरीच्या कमरेला कसा देऊ? मी नको म्हटलं तर तो हसला, "मग कापायचं तरी काय आहे? शेवगा की हत्ती?" मी म्हटलं, काथ्याचा दोर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि वस्तरा मिटून पिशवीत टाकला.

मूठ लोखंडाची करतो म्हणाला. मी म्हटलं, नको, जड होईल. मग त्यानं वीणा करणाऱ्याकडून फणसाच्या लाकडाचा उरलेला तुकडा आणला. चाकू झाला तो मिटल्यावर चार बोटं लांब, तळहातावर ठेवला तर सुपारीएवढं वजन. पात्याच्या पाठीवर बारीक उंचवटा ठेवला होता. अंगठ्यानं रेटला की पातं बाहेर. तरी माझी खात्री होईना. आपल्याकडे भात कांडायला येते ती शेषम्मा, तिला म्हटलं, माझे हात मागे बांध, या खांबाला. ती रडायलाच लागली. "विधवा बाईला बांधलं तर मी कुठल्या नरकात जाऊ, अम्मा?" मी म्हटलं, जाशील तिथं मी सोबत येईन, आता आवळ. पहिल्या दिवशी चाकू हातातून पडला. दुसऱ्या दिवशी बोट कापलं. चाकू पोटाशी न खोचता पाठीकडे खोचायचा, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी दोर तुटला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

शेषम्माची बहीण ओरत्तनाडूला, विशालाक्षीच्याच घरी कामाला आहे. शेषम्मा तिकडे निघाली तेव्हा चाकू तिच्याबरोबर दिला, कसा उघडायचा तेही शिकवून. सासूनं तो दारातच मागून घेतला. उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "लाकडात झोपलेलं लोखंड कुणाची राखण करणार? तुझ्या अम्माला एवढंही ठाऊक नाही?"

ठाऊक होतं, त्यागू. लोखंड अंगाला लागायला हवं. तुझ्या वेळी माझ्या आईनं माझ्या कमरेला उघडी किल्ली बांधली होती, तिच्या गंजाचा डाग महिनाभर गेला नाही. मी वजन पाहिलं, लांबी पाहिली, अंगठा कुठे पडेल ते पाहिलं, आणि जे कुठलीही अडाणी बाई विसरणार नाही तेच विसरले. आसारी लोखंडाची मूठ करत होता. मीच नको म्हटलं. सासूनं जुन्या दाराच्या कडीचा तुकडा तिच्या कमरेला बांधला आणि माझा चाकू स्वयंपाकघरात ठेवून घेतला. कच्ची केळी सोलायला फार छान आहे, असा उलटा निरोपही पाठवला. त्या दिवसापासून देवापुढे बसले तरी डोळ्यांसमोर गोठ्यातला तो खांब.

गेल्या बुधवारी शेषम्मा पुन्हा तिकडून आली. बस म्हटलं तर बसली नाही, उभ्यानंच सांगितलं. विशालाक्षीला आता सातवा महिना. आदल्या दिवशी सकाळी बांधली ती दुपार टळली तरी तशीच होती. पाय सुजून खांबासारखे झालेले. शेषम्माच्या बहिणीनं खिडकीतून हात घालून ओंजळीनं पाणी पाजलं. विशालाक्षी पाणी प्यायली आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस, तिला फक्त चाकूच पाठवता येतो." शेषम्मानं मला ते सांगितलं. तिनं सांगायला नको होतं, पण सांगितलं ते बरं झालं.

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. तिच्या सासऱ्याचं, वेंकटरावांचं पत्र तुला आजउद्या येईल. माझ्या तोंडावर ते म्हणाले, "बायकांशी मी बोलत नाही, घरचा कर्ता मद्रासला आहे, तो पोरीला परत आणून घालील." तू कर्ता आहेस हे खरं. तू आलास आणि तिला गाडीत बसव म्हणालास तर आजूबाजूचे सगळे तुझ्याच बाजूनं उभे राहतील, मला अडवता येणार नाही. म्हणून हात जोडते. त्यांचं पत्र वाचण्याआधी हे वाच. मग इथे ये, तिची मनगटं स्वतः पाहा, आणि त्यानंतरच काय ते बोल. मी तिला चोरून आणली, असं ते लिहितील. चोरून नाही आणली. शेषम्मा सांगून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी बैलगाडी सांगितली, ओरत्तनाडूला गेले, सगळ्यांच्या देखत गोठ्याचं दार उघडलं, त्या सकाळी पुन्हा बांधलेल्या दोराची गाठ हातांनी सोडवली आणि तिला घरी घेऊन आले.

तुझीच,
आई