पहिली दोरी

बकी, स्कॉटलंड
शनिवार, १० ऑक्टोबर १९९८

प्रिय ग्रेगर,

अकरा वर्षांनी लिहितेय. तू बरा आहेस असं धरून चालते. इथे आम्ही ठीक. ॲलेकचा गुडघा कुरकुरतोय, नवऱ्याचं दुखणं म्हणजे घरभर दुखणं. बंदरावर गारठा सुरू झालाय. आईची पत्रं तू न फोडता परत पाठवायचास, पण ह्या पाकिटावर अक्षर माझं आहे, म्हणून फोडशील.

आई गुरुवारी सकाळी गेली. चहा मागितला आणि मी तो आणेपर्यंत थांबली नाही. त्रास झाला नाही. आदल्या दिवशी घरी येणाऱ्या नर्सला तिने चादर पुन्हा घालायला लावली. "कोपरे असे दुमडतात होय गं? लष्करात असतीस तर घरी पाठवलं असतं तुला." पोरगी बिचारी हसत होती.

येत्या शुक्रवारी तिला पुरताना बोलायला म्हणून पाद्रींनी तिच्याबद्दल लिहून मागितलंय. मी बसले. तेविसाव्या वर्षी लष्करात नर्स, इटलीत तंबूतलं इस्पितळ, मग इथल्या इस्पितळात तीस वर्षं. एवढ्यात संपलं की सगळं! मग तिची कपाची गोष्ट आठवली. लढाईवरून आलेल्या ज्या पोरांचे हात थरथरायचे, त्यांना बाकीच्या नर्स चमच्याने चहा पाजायच्या. आई कप त्यांच्या हातातच द्यायची. "हात थरथरतो म्हणून काढून नाही घ्यायचा. कप अर्धा भरायचा."

ते लिहिलं आणि पुढे लिहवेना.

अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा त्यांची शवपेटी कबरीत सोडायच्या आठ दोऱ्या कुणी धरायच्या, ती यादी आईने केली होती. डोक्याकडची पहिली दोरी मुलाची. ती तुझ्याच नावावर होती, ग्रेगर. तू त्या आठवड्यात सकाळपासून पीत होतास. मला वाटलं, तुझ्या हातून दोरी सुटेल, पेटी तिरकी होईल, सगळ्या गावासमोर शोभा होईल. मी यादी नव्याने उतरवली. पहिलीवर ॲलेकला घातलं, तुला कुठेच नाही. कुणाची कितवी दोरी ती कार्डं वाटली गेली, तुझे हात रिकामे राहिले. तू एकदा आईकडे बघितलंस आणि कबरीवरूनच निघून गेलास.

तुला दोरी का नव्हती असं तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, तूच नको म्हणालास. तिने ते खरं मानलं. तिची पत्रं परत यायला लागली तेव्हाही मी गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू. भ्याले रे, दुसरं काय.

मंगळवारी तिने स्वतःच्या दोऱ्यांची यादी माझ्याकडून लिहून घेतली. "एक, ग्रेगर."

मी म्हटलं, "तो येणार नाही, आई."

"न येईना का. त्याची आहे ती."

तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी खाली दोन नंबरचं नाव लिहायला घेतलं.

शुक्रवारी अकरा वाजता. तुझ्या दोरीचं कार्ड सोबत ठेवलंय. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, मी मागे उभी राहीन. पण तिच्यावर राग धरून घरी बसू नकोस. तिने तुझ्याकडून काही काढून घेतलं नव्हतं.

ते काढून घेणारी,
तुझी बहीण,
एल्स्पेथ