माझ्याच हातात बंद पडणारी गाडी

७ सप्टेंबर, शनिवार
पुन्हा बंद पडली! डांबरी रस्त्यावर चांगली चालत होती. कच्चा रस्ता लागला, आणि दुधाचे कॅन ठेवायच्या त्या जुन्या ओट्यापाशी एकदम गप्प. किल्ली मागे फिरवली, पुन्हा पुढे — लगेच सुरू! जसं काही झालंच नाही.
हिल्का शेजारी मोजे विणत होती. मान वर न करता म्हणाली, “क्लचवरून पाय सुटला असेल तुझा.”
पाय सुटला! उभी हयात मी या जिल्ह्यात बस चालवली. शाळेची पोरं, म्हाताऱ्या, एकदा तर एक मेंढा — सगळ्यांना सुखरूप पोचवलं. आणि ही बाई, जिने आमची लेक तुइरे शाळेत असल्यापासून स्टिअरिंगला हात लावला नाही, ती मला क्लच शिकवणार.
तळ्याकाठच्या घरी पोचल्यावर वाफेच्या अंघोळीचा सौना मात्र छान तापला. राग उतरला.

९ सप्टेंबर
गाडी तार्मोच्या गॅरेजमध्ये सोडली. जुडग्यातून गाडीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली, बाकीच्या खिशात घालून चालत घरी आलो. इथे घराला कुलूप कोण लावतंय, पण घराच्या किल्ल्या परक्याच्या हाती देत नाही कोणी.

१२ सप्टेंबर
तार्मो म्हणतो, “काही सापडत नाही.” पेट्रोलचा पंप पाहिला, वायरी पाहिल्या, गावाबाहेर खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणली. एकदाही थांबली नाही. “लोण्यासारखी चालते हो, ओइवा.” असं म्हणताना त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

१४ सप्टेंबर, शनिवार
जाताना दोनदा बंद पडली.
तुइरे तळ्यावर आली होती. हिल्काने तिला सांगितलंच. मग जेवताना माझी हजेरी घेतली लेकीने.
“बाबा, काल मी नेली होती ना गाडी, माझ्याकडच्या किल्लीने? काही झालं नाही. तार्मोकडे काही होत नाही. तुझ्याच हातात कशी बंद पडते?”
“तिला माझा लळा आहे,” म्हटलं. कोणी हसलं नाही.
“मागून लाकडाचा ट्रक येत असला तर? आई शेजारी बसलेली असते! हे बघ, बर्फ पडायच्या आत कारण सापडलं नाही, तर तू गाडी चालवणं बंद.”
गाडी नाही म्हणजे तळं नाही. इथे बस येत नाही, मीच चालवायचो तेव्हाही येत नव्हती. विषय बदलावा म्हणून सांगितलं, क्रौंच पक्ष्यांचा थवा दक्षिणेकडे गेला. हिल्का म्हणाली, “कॉफीच्या वेळी सांगितलंस हे.” सांगितलं असेल. चांगली गोष्ट दोनदा सांगितली तर बिघडलं काय?

१७ सप्टेंबर
आज स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून डावा पाय दाबून पाहिला — खाली, वर, खाली, वर. काही वाईट नाही. मान वळवली तर हिल्का दारात उभी. माझ्या पायाकडे बघत होती. ते फार लागलं.
खरं लिहायचं तर भीती वाटते. गाडीची नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार
सापडलं! निदान शेपूट तरी हाती लागलं!
रेडिओवर समुद्राचं हवामान चाललं होतं. आम्हाला समुद्राशी काही घेणंदेणं नाही, पण ऐकतो. ओट्याच्या अलीकडे गाडी हादरे खायला लागली आणि निवेदिका अर्ध्या शब्दात गप्प! त्याच क्षणी इंजिनही गप्प.
गाडी कडेला घेतली. म्हटलं, “हिल्का, माझा पाय सुटून इंजिन बंद पडलं, तर रेडिओला काय झालं? रेडिओला क्लच असतो का?”
तिने विणकाम मांडीवर ठेवलं. “नाही,” म्हणाली. “मग पाय नव्हे.”
मुका घेतला तिचा, भर रस्त्यात. “वेडा झालास काय!” म्हणाली, पण खूश होती.

२३ सप्टेंबर
तार्मोला सांगितलं. तो म्हणाला, “चला, आज तुम्ही मला न्या. रोजच्यासारखं. काही म्हणजे काही बदलू नका.”
मी जुडगं लावलं. त्यात घर, तळ्याचं घर, सौना, लाकडांची खोली, शेजाऱ्यांचं घर, पाण्यात पडलं तर तरंगावं म्हणून बुचाचा गोळा — आणि तळ्यावरची नाव साखळीने बांधायचं मुठीएवढं लोखंडी कुलूप. ते असताना बुचाचा काय उपयोग, हे कधी मनातच आलं नव्हतं.
कच्च्या रस्त्यावर जुडगं झोके घ्यायला लागलं. रेडिओ गेला, इंजिन गेलं. तार्मोने हात पुढे केला आणि जुडगं तळव्यावर उचलून धरलं — रेडिओ आला! खाली ओढलं — गेला! उचललं — आला! आम्ही दोघं पोरांसारखे हसत सुटलो.
“मला नुसती किल्ली काढून देता! दुखणं घरी ठेवून पेशंट आणत होता तुम्ही.”
किल्ली लावतो तिथला आतला स्विच झिजलाय. ओझं लटकलं आणि हादरा बसला की सुटतो. तुइरेकडे नुसती किल्ली, तार्मोकडे नुसती किल्ली. सगळं ओझं एकट्या माझ्याकडे!

२४ सप्टेंबर
नवा स्विच बसला. नावेचं कुलूप खिळ्याला टांगलं. तुइरेचा फोन — “बाबा, चुकलं माझं.” म्हटलं, “नीट ऐकू नाही आलं.” तिने हसत पुन्हा म्हटलं. आज फार छान वाटतंय.

२८ सप्टेंबर, शनिवार
तळ्यावर जाऊन आलो. एक ठसका नाही! ओट्यापासून डावीकडे, डोळे मिटून नेईन म्हटलं. हिल्का म्हणाली, “उघडे ठेव.”
क्रौंच पक्ष्यांचा थवा दक्षिणेकडे गेला, ते तिला सांगितलं. तिने नुसती माझ्या कपात कॉफी ओतली.

५ ऑक्टोबर, शनिवार
आज नाव पाण्याबाहेर काढायला निघालो. ओट्यापाशी थांबलो.
“पुन्हा बंद पडली?” हिल्काने विचारलं.
“नाही. गाडी ठीक आहे.”
इंजिन चालू होतं, रेडिओ चालू होता. दोन्ही रस्ते बघत बसलो. तळं डावीकडे की उजवीकडे, ते काही केल्या आठवेना. मग उतरलो, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हटलं, “तू चालव.”
आम्ही जागा बदलल्या. तिने विणकाम माझ्या मांडीवर ठेवलं, स्टिअरिंग धरलं आणि गाडी डावीकडे वळवली.