आइसपॅकला लावलेला कान

आई, परवा लेकीबरोबर तुझ्या पणतूला लस द्यायला आष्ट्याला गेले होते. तिथली नर्स म्हणजे, तू औंधच्या बाजूला नर्स होतीस तेव्हा तुझ्या हाताखाली शिकलेली पोरगी. केस पिकलेत, पण मी ओळखलं. गावात न्यायचा लशींचा डबा भरायच्या आधी तिने फ्रीझरमधले आइसपॅक टेबलावर मांडले, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबली, मग एक कानाशी धरून हलवला. आत पाणी खुळखुळलं तेव्हा कुठे तो डब्यात गेला. थेट तू! माझा जळफळाट झाला. लहानपणी मी शाळेतलं काही सांगायला तुझ्या दवाखान्यात येते, तर तुझा कान त्या आइसपॅकला, आणि मला हाताने गप्प राहायची खूण. मला तेव्हा त्या प्लास्टिकच्या चपट्या डब्यांचाही हेवा वाटायचा.

मी कोण ते कळल्यावर ती हसत हसत तुझ्या रागाचंच सांगत बसली. एकदा घाईत तिने दगडासारखे आइसपॅक तसेच डब्यात घातले, लस गोठली, आणि तू तिला सगळ्यांदेखत झाडलंस. "गोठली की लस मेली गं! दिसायला तशीच दिसती, पर कामाची न्हाई. उद्या त्या लेकराला डांग्या खोकला झाला, तर तू बसणार हाईस व्हय उशाला?" मग ती मला म्हणाली, "लय रडले बगा ताई. तवा बाईंनीच पदरानं डोळं पुसलं, आन् आपल्या डब्यातली भाकरी दिली." हे सांगताना तिचे डोळे भरले, आणि मला तिच्याशी भांडावंसं वाटलं. माझ्यावर तू कधी ओरडलीच नाहीस. मी काचेची बरणी फोडली, गणितात नापास झाले, तरी "असू दे बाळा," म्हणून भिंतीला टेकून डोळे मिटायचीस. लोक म्हणायचे, किती गुणाची आई. मला मात्र वाटायचं, रागवण्याइतकीसुद्धा तू माझ्यासाठी उरत नाहीस. सगळा राग, सगळी माया दवाखान्यातच संपवून यायचीस.

निघताना तिने विचारलं, "तुमाला तर घरात लयच रागवत असतील, न्हवं?"

तू आता नाहीस, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. मी म्हटलं, "व्हय, लय." आणि बरणी फुटल्यावर तू मला कशी झोडपलीस, मग जवळ घेऊन कशी रडलीस, ते सगळं तिला रंगवून सांगितलं. तिला ते खरं वाटलं. घरी पोचेपर्यंत मलाही थोडं खरं वाटायला लागलं होतं.