थर्झाचा भांग

३ जून १८५४, शनिवार
केटुराचं पत्र आलं. माझ्या बायकोची, लव्हिनाची, मोठी बहीण. लव्हिना वारून सात महिने झाले, आता बाईंना भाचीची आठवण झाली. सतरा तारखेच्या आगबोटीने येणार. थर्झा नीटनेटकी दिसली तर ठीक, नाहीतर तिला पिट्सबर्गला घेऊन जाईन म्हणे. बाप्याच्या हातून लेकीची वेणीफणी होत नसते म्हणे!
वीस वर्षं पिंपं बनवतोय मी. ओकच्या फळ्या वाकवतो. पाच वर्षांच्या पोरीचे केस वाकणार नाहीत?

५ जून, सोमवार
निश्चय: शहरातल्या मुलींसारख्या लांब गुंडाळी बटा. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. शेजारच्या मिसेस प्रूइट म्हणाल्या, मी करून देते. नम्रपणे नको म्हटलं. मदत घेतली की केटुराला बोलायला जागा मिळते.

६ जून
काल रात्री ओल्या केसांना चिंध्या गुंडाळून थर्झाला झोपवलं. सकाळी सोडल्या. डावीकडे पाच बटा, उजवीकडे काहीच नाही. थर्झा त्याच कुशीवर झोपते. यात माझी काय चूक?

८ जून, गुरुवार
बटा टिकाव्यात म्हणून साखरेचं पाणी लावलं. बरेच जण लावतात. मी जरा सढळ हाताने लावलं. दुपारी थर्झा किंचाळत आत आली, मागे माश्यांचा थवा. संध्याकाळी प्रूइटांच्या घोडीने तिचं डोकं चाटलं. थर्झाला ते फार आवडलं. मला नाही.

१० जून
केस बसावेत म्हणून अस्वलाची चरबी लावून पाहिली. काही लिहिण्यासारखं नाही. उशी फेकून दिली.

१२ जून, सोमवार
केस कुरळे करायचा लोखंडी चिमटा आणला. लोखंड तापवायचं कसं, हे मला कुणी शिकवू नये.

१२ जून, अर्ध्या तासाने
अरे देवा! एक बट जळून चिमट्यातच राहिली, पार भांगापासून. पोरीला भाजलं नाही, देवाची कृपा. ती रडली नाही, बट हातात घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, ही मावशीला नको दाखवू या. मीच बाहेर जाऊन लाकडं फोडत बसलो. गरज नव्हती.

१३ जून
जळका भाग दिसू नये म्हणून बाकीचे केस थोडे कमी केले. मग दुसरी बाजू जुळवली. मग पुन्हा पहिली. आता कानापर्यंत आहेत. उन्हाळ्यात बरंच असतं.

१६ जून, शुक्रवार
डोकं चालवलं! यंत्राने तसबिरी काढणारा गाडी घेऊन गावात आलाय. दोघांची तसबीर काढायची आणि केटुरापुढे ठेवायची. पक्का पुरावा. मधल्या भांगात टक्कल दिसत होतं, म्हणून भांग बाजूला पाडला. मुलींचा मधे, मुलांचा बाजूला, हे मला ठाऊक आहे. फ्रॉक तर या वयाचे मुलगेही घालतात, भांगावरूनच काय ते ओळखतात. पण एका दिवसाचा प्रश्न!
मानेमागे लोखंडी टेकू लावून बसवलं. हलू नका, हललं ते धुरकट येतं, म्हणाला. थर्झा पुतळ्यासारखी बसली. तिच्या कपाळावर एक केस आला होता, तेवढा सोडला तर सगळं उत्तम.
तसबीर बसवलेली डबी देताना तो म्हणाला, छोकरा झकास आलाय, तुमचं मात्र... पुढचं ऐकलं नाही. नजर अधू असावी बिचाऱ्याची. डबी उघडणार नाही. केटुरासमोर थाटात उघडीन.

१७ जून, शनिवार
केटुरा आली. थर्झाला बघून धक्क्यावरच थबकली. विचारलं, हा कुणाचा मुलगा? थर्झाने सांगितलं की मी बाबांची. घरात शिरताच म्हणाली, पोरीची ट्रंक बांध.
पण मी डबी काढली. उघडली.
थर्झा लख्ख. डोळे, कॉलर, बाजूचा भांग, सगळं स्वच्छ. शेजारी माझा कोट. कोटाच्या वर तोंडाच्या जागी धुरकट डाग, आणि बाहीतून एक धुरकट हात निघून थर्झाच्या कपाळाकडे गेलेला. तो केस. मला वाटलं होतं, पटकन सारला तर कळणार नाही.
संपलं, म्हटलं. पोर गेली.
केटुराने डबी उजेडात धरली, त्या धुरकट हातावर बोट ठेवलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली की असेहेल, तू महामूर्ख आहेस. ट्रंक राहू दे म्हणाली. कंगवा मागितला. मला शेजारी उभं केलं आणि दाखवलं: नाकाच्या शेंड्यापासून सरळ मागे रेघ. बटांचं नाव काढायचं नाही, केस वाढेपर्यंत भांग तेवढा सांभाळ. तेवढंही जमलं नाही तर नाताळात येऊन पोरीला नेईन.

२० जून, मंगळवार
केटुरा सकाळच्या बोटीने एकटीच गेली. आज भांग मी पाडला. मधोमध. सरळ. पिंपाच्या फळीसारखा. आरसा दिला. थर्झाने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बाबा, वाकडा आहे, पण राहू द्या.